एका खुंट्याला दोघींचे हात

कथा साभार परत आली असती तर हा लेख लिहायला बसले नसते. तशा पुष्कळ परत आल्या आहेत आणि त्यांचं दुःख चहाच्या एका कपापुढे टिकत नाही. या वेळी कथा आवडली होती. अडचण वेगळीच होती. कथेखाली आम्हा दोघींची नावं होती आणि संपादकांना त्यातलं एकच हवं होतं. कथेला दोन लेखिका शोभत नाहीत, वाचकाला कळत नाही नेमकं कोणाचं काय, असं पत्रात लिहिलं होतं. दिवाळी अंक जुना आणि नावाजलेला आहे. त्याचं नाव घेत नाही, कारण हे मत त्या एका अंकाचं नाही. ते मराठीत इतकं मुरलेलं आहे की कोणी मुद्दाम मांडायला जात नाही. कथास्पर्धेच्या नियमात ‘स्वतः लिहिलेली’ असा शब्द असतो आणि त्याचा अर्थ ‘एकटीनं लिहिलेली’ असाच सगळे लावतात.

पत्र मी माझ्या सहलेखिकेला रंगशंकराच्या आवारात वाचून दाखवलं. आम्ही दोघी बंगळूरच्या जे. पी. नगरात राहतो, मी पाचव्या फेजमध्ये, ती सारक्की मार्केटच्या बाजूला. दुसऱ्या फेजमधलं हे नाट्यगृह आम्हाला मधे पडतं. नट-दिग्दर्शक शंकर नागच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नी अरुंधती नाग यांनी २००४ साली ते उभं केलं. प्रयोगाची वेळ झाली की दार बंद होतं आणि मग कोणाच्याही ओळखीनं ते उघडत नाही, हा तिथला लौकिक. शंकर आणि अरुंधती भेटले ते मुंबईच्या रंगभूमीवर, त्यामुळे आम्हा मराठी माणसांना या जागेबद्दल जरा माहेरपण वाटतं. नाटक दहा-पंधरा जणांच्या हातून होतं याचं तिथं कोणालाच नवल वाटत नाही. कथेबद्दल तेवढं वाटतं.

पत्र ऐकून ती म्हणाली, “मग तुमचंच घाला की, काकू. माझं नाव पगाराच्या कागदावर हाय की!” हसत म्हणाली, पण मला ते लागलं. ती बेळगावची, चाळिशीतली. मी मिरजेची, साठी ओलांडलेली.

प्रतिपक्ष आधी नीट मांडते, नाहीतर खंडनाला अर्थ नाही. कादंबरी मोठी असते, तिच्यात दोघांना अंग पसरायला जागा मिळते. कथा म्हणजे एका श्वासाची वस्तू, तिच्यात दुसरा श्वास आला की लय मोडते. हा झाला घाटाचा मुद्दा. दुसरा मुद्दा याहून खोल आहे आणि त्याच्यामागे मराठीतली जाडजूड समीक्षा उभी आहे. मर्ढेकरांनी १९४१ साली ‘वाङ्मयीन महात्मता’त लेखकाच्या आत्मनिष्ठेचा निकष पुढे ठेवला. लेखक स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक आहे की नाही, हे पाहा. पुढे गाडगीळ-गोखल्यांच्या नवकथेनं माणसाच्या मनाच्या आतल्या खोलीत दिवा नेला आणि त्या खोलीत एकाच माणसाला बसायला जागा असते, असं आपण समजून चाललो. दोघी लिहिणार असतील तर आत्मनिष्ठा कोणाच्या आत्म्याशी? त्यातही विषय मुलीच्या वयात येण्याचा असेल तर प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण याहून खाजगी अनुभव कोणता?

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो आणि तो माझ्याच मैत्रिणींचा आहे. बायकांना स्वतःच्या नावानं लिहायला मिळालं तेच किती उशिरा, आणि आता कुठे मुखपृष्ठावर नाव येतंय तर तुम्ही ते वाटून का टाकता?

उत्तराची सुरुवात भाषेपासून करते. मराठीत मुलीच्या वयात येण्याला कितीतरी शब्द आहेत. न्हाण आलं, पदर आला, शहाणी झाली. आमच्या गल्लीतली कन्नड बाई ‘दोड्डवळादळु’ म्हणते, मोठी झाली. ही सगळी क्रियापदं तृतीयपुरुषी आहेत. ‘मी शहाणी झाले’ असं त्या अर्थानं म्हणालेली मुलगी मी तरी ऐकलेली नाही. ते आत्या म्हणते, शेजारीण म्हणते, आजी जावेच्या कानात सांगते. जुन्या घरांत तर मुलीला मखरात बसवत, आळीतल्या बाया जमत, गाणी होत. जिच्यावर हा सगळा सोहळा चाललेला असे ती मखरात खाली मान घालून, पोटात दुखतंय हे कोणाला सांगावं या विवंचनेत. म्हणजे ज्याला आपण सर्वांत खाजगी म्हणतो तो अनुभव मुळातच दोन तोंडांनी सांगितला जातो. एक बाहेरचं तोंड, गलबल्याचं. एक आतलं, बंद. एकटी लेखणी यातल्या एका बाजूला कलंडतेच. जुनी सामाजिक कादंबरी मखराबाहेर उभी राहिली, नवी कथा मखरात जाऊन बसली. दोन्हींत सुंदर लेखन झालं. पण मखराची चौकट दोन्हीकडून धरायची तर दोन हात लागतात, एवढंच माझं म्हणणं.

सामाजिक बदलाचा भाग आला की हे आणखी उघड होतं. बदल एकटीला दिसत नाही. जी बदलली तिला वाटतं आपण अशाच होतो, आणि जिच्या डोळ्यांदेखत ती बदलली तिला वाटतं ही आपली राहिली नाही. या दोन गैरसमजांच्या मधे कुठेतरी कथा असते.

आणि बायकांनी मिळून रचणं ही आमची कालची टूम नाही. जात्याला खुंटा एक. दळण जास्त असलं की दोघी समोरासमोर बसत आणि दोघींचे हात त्याच खुंट्यावर असत. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं झेलायची, मधेच एक शब्द फिरवायचा, सासूच्या जागी नणंद घालायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्या संग्रहात गाणारीचं नाव आणि गाव आहे. ‘रचणारी कोण’ असा रकाना केला असता तर तो रिकामा राहिला असता. मुलीचं न्हातंधुतं होणं, सासरी जाणं, भावाची वाट पाहणं, पुढेपुढे तर आंबेडकरांविषयीच्याही ओव्या. बदलत्या काळातलं बाईचं आयुष्य मराठीत सर्वांत आधी आणि सर्वांत विपुल लिहिलं, म्हणजे गायलं, ते असं दोघी-तिघींनी मिळून. त्याला आपण लोकसाहित्य म्हणून वेगळ्या कपाटात ठेवलं आणि उरलेल्या कपाटावर ‘लेखक’ अशी पाटी लावली.

त्या उरलेल्या कपाटातही एकटेपण किती आहे ते बघावं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून येऊ लागली तेव्हा हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते. तिथे यमू स्वतः बोलते, ‘मी’ म्हणून बोलते. सव्वीस वर्षांच्या पुरुषाला बालवधूची ती भाषा, तो माजघरातला दबका सूर आला कुठून? घरातल्या आणि शेजारच्या बायकांच्या बोलण्यातून आला असणार, दुसरीकडून येण्याची सोयच नव्हती. कादंबरीवर नाव एक आहे म्हणून आवाज एक ठरत नाही.

आता मैत्रिणींच्या आक्षेपाकडे. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. त्यातल्या शिकलेल्या, कमावत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या कथांनी पुण्या-मुंबईत गहजब केला. आणि त्या गहजबाचा पहिला प्रश्न काय होता? विभावरी शिरूरकर कोण? बाई असं लिहूच शकत नाही, हा कोणी पुरुष असला पाहिजे, इथपर्यंत तर्क गेले. नावामागे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या. स्त्रीशिक्षणाच्या संस्थांत शिकलेल्या आणि शिकवलेल्या, आणि त्यांनी लिहिलं ते भोवती दिसणाऱ्या अनेकींचं. वाचणाऱ्यांना मात्र एक व्यक्ती हवी होती. आरोपी एकच असला की खटला सोपा जातो. म्हणून मैत्रिणींना सांगते, नाव मिळवण्याची लढाई खरी आहे, मला ती मोडायची नाही. पण एकच नाव असलं पाहिजे हा हट्ट मूळचा आपला नाही. तो जाब विचारणाऱ्यांचा होता, आपण तो उसना घेतला.

दोन नावांनी आपल्याकडे जे मोलाचं काम झालं ते बहुतेक कथेच्या कुंपणाबाहेर झालं, आणि तिथे कोणी हरकत घेतली नाही. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ सालचं पुस्तक ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींचं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गावोगाव गाठून, बोलतं करून लिहिलेलं. ऊर्मिलाताई मुळात कथालेखिका, पण त्यांनी या पुस्तकाला ‘माझं’ म्हटलं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचा ‘दोघी’ १९९५ मध्ये आला. गावातल्या दोन बहिणी, थोरलीला मुंबईत देहविक्रय करावा लागतो, धाकटी मागे राहते. ती कथा एका डोळ्यानं पाहिली असती तर थोरलीची शोकांतिका झाली असती, किंवा धाकटीचं भाबडेपण. दोघींमधलं अंतर हाच त्या चित्रपटाचा विषय आहे. आणि उमा कुलकर्णी-विरूपाक्ष कुलकर्णी? विरूपाक्षांनी कन्नड वाचायचं, टेप करून ठेवायचं, उमाताईंनी ऐकत मराठी करायचं. अनुवाद म्हणजे सहलेखन नाही, हे मान्य. पण एका पानाला दोन माणसं लागतात हे त्या घरात कोणाला पटवून द्यावं लागलं नाही.

२०२५ साली बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं तेव्हा आमच्या बंगळूरात पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. कर्नाटकातल्या मुस्लिम बायकांच्या बारा कथा. पन्नास हजार पौंडांचे दोन समान भाग झाले, अर्धे लेखिकेला, अर्धे इंग्रजी करणाऱ्या दीपा भास्ती यांना. कथेचा मालक एकच, हा नियम आकाशातून पडलेला नाही एवढं त्यावरून कळतं.

दोघांच्या लेखनाचे सगळेच प्रयोग मला पटतात असं नाही. हिंदीत राजेंद्र यादव आणि मन्नू भंडारी या जोडप्यानं ‘एक इंच मुस्कान’ लिहिली, एक प्रकरण त्याचं, एक तिचं, पुरुषाची बाजू यादवांकडे, बायकांची मन्नूंकडे. वाचायला रंजक आहे. पण ती वाटणी आहे, भावाभावांत शेत वाटावं तशी, मधे बांध स्पष्ट. कथेत असं केलं तर आमच्या संपादकांचा आक्षेप खरा ठरेल. मला अभिप्रेत असलेला प्रकार आयर्लंडमधल्या एडिथ सॉमरव्हिल आणि व्हायोलेट मार्टिन या दोन नात्यातल्या बहिणींनी करून दाखवला. त्या वाक्य बोलून ठरवत, घासत, वाद घालत, आणि मग जिच्या हातात लेखणी असेल ती लिहून काढी. ‘द रिअल शार्लट’ ही त्यांची १८९४ची कादंबरी. जमीनदारी उतरणीला लागलेल्या मुलखातली एक गरीब नात्यातली तरुण मुलगी तिथे आहे, आणि कोणतं वाक्य कोणाचं हे शोधणारे थकतात. १८९९ साली याच दोघींचा कथासंग्रहही आला आणि धो-धो खपला. कथेला दोन श्वास चालत नाहीत म्हणणाऱ्यांनी तो उघडून बघावा. मार्टिन १९१५ मध्ये वारली. सॉमरव्हिल पुढे तीसेक वर्षं लिहीत राहिली आणि पुस्तकांवर दोन्ही नावं छापत राहिली.

आता आमच्याच कथेतली एक जागा उलगडून दाखवते, कारण तत्त्वाच्या गप्पा कितीही मारल्या तरी कागदावर काय होतं ते दिसत नाही.

कथेतली मुलगी २००३ साली बेळगावजवळच्या गावातून रात्रीच्या बसनं बंगळूरला येते. नोकरी सॉफ्टवेअरची, राहणं जे. पी. नगरातल्या एका पीजीत, एका खोलीत चौघी. जिन्याखाली रुपयाचं नाणं टाकून बोलायचा लाल डबा. ती आईला फोन लावते. माझ्या सहलेखिकेनं पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, “पोचलो गं आई.” मी तांबडी शाई घेतली आणि ‘पोचले’ केलं. पुढे अशी वीस-बावीस ठिकाणं होती. आलो, गेलो, जेवलो. सगळी मी स्त्रीलिंगी करून टाकली आणि शुद्धलेखन केल्याचं समाधान मिळवलं.

पुढच्या रविवारी ती कागद घेऊन आली आणि पहिल्यांदाच माझ्यावर थोडी चिडली. “काकू, आमच्यात बायका आलो-गेलोच म्हणतात. मी ‘आले’ म्हणायला लागलो ते पुण्याला हॉस्टेलवर. मुली हसल्या म्हणून.” हे सांगतानासुद्धा ती ‘लागलो’च म्हणाली.

बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका असं बोलतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मिरज काय दूर आहे? पण लिहिताना माझ्या हाताला पुण्याचं वळण होतं आणि ते मला दिसतच नव्हतं. एकटीनं लिहिली असती तर त्या मुलीचं अख्खं वयात येणं मी तांबड्या शाईनं पुसून टाकलं असतं, आणि ते करताना स्वतःच्या अनुभवाशी शंभर टक्के प्रामाणिकही राहिले असते. आत्मनिष्ठेचा निकष इथे अपुरा पडतो. स्वतःशी प्रामाणिक राहूनही माणूस समोरच्या मुलीबद्दल खोटं लिहू शकतो.

मग माझं त्यात काय? तिच्या खर्ड्यात ती फक्त हसण्याची, लाजेची गोष्ट होती. मुलगी खोलीतल्या मुलींसमोर ‘आले’ म्हणायला शिकते, एवढीच. मी तिला विचारलं, घरी फोनवर कुठलं रूप? ती थांबली. म्हणाली, घरी आलो, बाहेर आले. मी म्हटलं, आणि एक दिवस चुकून उलटं झालं तर? माझी मुलगी परदेशातून फोन करते तेव्हा तिच्या मराठीत काय काय हललंय ते मला पहिल्या वाक्यात कळतं, तिला कळत नाही. त्या दुपारी कथेचा शेवट सापडला. दिवाळीला जाता येणार नाही हे सांगायला मुलगी फोन करते आणि बोलण्याच्या भरात म्हणून जाते, “आत्ताच ऑफिसातून आले.” पलीकडे जरा वेळ काही आवाज येत नाही. मग आई विचारते, “कोण बोलतंय?”

ही ओळ कोणी सुचवली? मला वाटतं तिनं. ती म्हणते मी. आम्ही दोघी खोटं बोलत नाही आहोत.

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं हे कधीच ओळखून ठेवलं आहे. संयुक्त लेखनाची त्यातली व्याख्या अशी की, दोघांच्या सहकार्यानं झालेलं काम, ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही. म्हणजे संपादकांना जो दोष वाटतो, ‘कळत नाही नेमकं कोणाचं काय’, तीच कायद्यात संयुक्त लेखनाची खूण आहे. वकिलांना जे पटलं ते समीक्षकांना पटायला हरकत नसावी. (वकील साधारणपणे उलट्या बाजूला असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.)

काही कथा एकटीच्याच असतात हे मी नाकारत नाही. कमल देसाई यमकनमर्डीच्या, म्हणजे आमच्या सहलेखिकेच्याच जिल्ह्यातल्या. त्यांचा ‘काळा सूर्य’ दोघींनी लिहिलेला मला कल्पवत नाही. तिथलं जग एका माणसाच्या डोक्यात शिजलेलं आहे आणि त्यात दुसऱ्या कोणी डाव घातला तर सगळं नासेल. आणि दोघींच्या लिहिण्यात धोकाही आहे. तो लयीचा नाही, वजनाचा आहे. दोघींपैकी एक वयानं मोठी, छापील मराठीत मुरलेली, कधीकधी जातीनंही वरची असते, आणि तिची तांबडी शाई दुसरीला गिळते. माझ्या हातून ते होता होता राहिलं. घरकाम करणारी बाई आपलं आयुष्य सांगते आणि लिहिणारी ते स्वतःच्या नावावर छापते, असं आपल्याकडे कमी झालेलं नाही. एकाच नावाच्या शिस्तीनं हे थांबत नाही, उलट तिच्या आडोशानं ते बिनबोभाट होतं. दुसरं नाव छापावं लागलं तर निदान तिला खर्डा वाचून दाखवावा लागेल, आणि ती “आमच्यात असं म्हणत नाहीत” असं म्हणू शकेल.

संपादकांना मी उत्तर पाठवलं आहे. कथा काढून घेतली. दुसऱ्या अंकाकडे ती दोन्ही नावांनीच जाईल, आणि तिथूनही हीच अट आली तर तिसऱ्याकडे. ज्या संपादकांच्या हाती यंदाच्या स्पर्धांचे आणि अंकांचे नियम आहेत त्यांना एवढीच विनंती आहे: अर्जावर ‘लेखकाचे नाव’ असं जिथे छापता, तिथे त्या रेघेखाली आणखी एक रेघ ओढा. ज्यांना ती लागणार नाही ते कोरी सोडतील.